खर्चासह

“अर्ज खर्चासह मंजूर!” न्यायाधीशांनी निकाल वाचला. बाळंतपणाची रजा घेतली म्हणून बिस्किट कारखान्याने काढून टाकलेल्या कौसल्याला नोकरी परत मिळाली होती. पण ‘खर्च’ ऐकताच तिचा चेहरा उतरला. बाहेर येताच तिने कानातली सोन्याची फुलं काढली.

“हे घ्या, वकीलबाई. बाकीचं हप्त्याहप्त्याने देते.”

वकीलबाई खळखळून हसल्या. “अहो, आधी फुलं घाला कानात! खर्च त्यांनी द्यायचा. माझी फीसुद्धा कारखानाच भरणार.”

“मालक? तुमची फी?”

“कोर्टाचा हुकूम आहे!”

कौसल्याने तिथूनच कारखान्यातल्या मैत्रिणीला, मैनाला फोन लावला. तिलाही असंच काढलं होतं, पण वकिलाच्या फीला घाबरून ती घरीच बसली होती.

“मैने, लेकराला घे नि कोर्टात ये! वकिलाच्या फीला आता मालकानं घाबरायचं!”