सातवं नाव

हालेवेरच्या गावकऱ्यांना आपल्या सहा हुतात्म्यांचा चौऱ्याऐंशी वर्षांत एकही दिवस विसर पडलेला नाही. चुकून पडू नये म्हणून नगरपालिका दरवर्षी तीन मेला ई-मेल पाठवते.

चार मेला, हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, संध्याकाळी आठला दोन मिनिटं कमी असताना, स्मारक समितीचा सचिव यॉरित चर्चसमोरच्या, सहा नावं कोरलेल्या दगडापाशी उभा होता आणि सारखा मागे वळून बघत होता. मागे बाकावर त्याची त्र्याण्णव वर्षांची आफके आत्या बसली होती. भावाचं नाव दगडावर घालावं हा तिचा अर्ज गेल्याच महिन्यात समितीने नवव्यांदा फेटाळला होता. तिचा भाऊ वीत्से १९४० च्या मे महिन्यात, युद्धाच्या पहिल्याच सकाळी, सैनिकाचा गणवेश चढवून ठाण्यावर निघाला आणि वाटेत सायकलसकट कालव्यात बुडाला. दगडावर कोरलं होतं, 'शत्रूशी लढताना धारातीर्थी पडले.' समितीच्या मते कालवा शत्रूत मोडत नव्हता.

"गारठा आहे आत्या, घरी सोडू का?" यॉरितने मघाशी विचारलं होतं.

"दोन मिनिटं थांब. तेवढी पुरतात मला," ती म्हणाली होती. तेव्हापासून त्याला चैन नव्हतं.

बिगुल वाजलं. आठचे टोले पडले. स्तब्धतेच्या या दोन मिनिटांत गाड्या रस्त्याच्या कडेला थांबतात, सायकलवाले खाली उतरतात, आणि ज्याला खोकायचं असतं तो आधीच खोकून घेतो.

वॉकरची चाकं कुरकुरली.

आत्या निघाली होती. एक पाऊल, जरा दम, पुन्हा एक पाऊल. दोनशे माणसं मान खाली आणि डोळे वर करून बघत होती. अध्यक्ष हारमेनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. यॉरित मनात सेकंद मोजू लागला. चाळीसला ती कशीबशी पुष्पचक्रांपाशी पोचली. तिला थांबवावं की ढकलावं, हेच त्याला कळेना. बुटात बोटं नुसती वळवळत होती. सत्तरला तिने वॉकरच्या टोपलीतून जॅमच्या बरण्यांवर लिहायचा पांढरा मार्कर काढला आणि दातांनी टोपण ओढलं. तिचा हात धरायचा तर कुणीतरी हलायला हवं होतं. हलणार कोण?

एकशे दहाला 'वीत्से' झालं. आडनाव राहिलं. ते तिने राष्ट्रगीत चालू असताना लिहिलं. राष्ट्रगीतातही कुणाला हलता येत नाही.

गर्दी पांगल्यावर हारमेन चर्चमधून स्पिरिट आणि फडकं घेऊन आला.

"तुझी आत्या आहे. तूच पूस."

यॉरितने फडकं घेतलं, दगडाकडे पाहिलं, मग बाकाकडे. आत्या मार्करचं टोपण शोधत होती.

"पुसतो ना," तो म्हणाला. "पण दगडावरचं नाव काढायचं तर बैठकीत बहुमत लागतं. नियम अकरा. तूच लिहिलायस."

"अरे, हे नाव आहे का? मार्कर आहे हा!"

"कोरलेलंच हवं असं नियमात नाही."

"बैठक सप्टेंबरात आहे!"

"मग तोवर सात," आत्या बाकावरून म्हणाली.

हारमेन तिच्याकडे वळला. आवाज शक्य तेवढा मऊ केला. "आफकेबाई, तुमच्या दुःखाचा मला आदर आहे. पण तुमचा भाऊ सायकलवरून पडला हो. माणसाच्या समोर शत्रू तरी नको का?"

"या सहांच्या समोर कोण होतं रे?"

हारमेनने यॉरितच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्याची घडी घालत राहिला.

हे सहा गेले त्या दिवशी पुलापाशी दारूगोळ्याच्या पेट्या उतरवताना सहांपैकी एकाने सिगारेट पेटवली होती. जर्मन तेव्हा चाळीस किलोमीटरवर होते.