दहा फूट

आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेल्या मोजणीदार बाईंनी परसात आंब्याचं कलम लावलं, ते घराच्या मागच्या भिंतीपासून बरोबर दहा फुटांवर. झाड मोठं झालं, की मुळं घराचा पाया उखडतात.

आठवड्याने टेप लावली, तर अंतर नऊ फूट भरलं.

"अहो, कलम तुम्ही हलवलंत?"

"मी कशाला? तुझ्या टेपलाच म्हातारपण आलंय," नवरा हसला.

बाईंनी पदर खोचला. कलम मातीच्या गड्ड्यासकट उचलून पुन्हा दहा फुटांवर लावलं आणि शेजारी लोखंडी खुंटी ठोकली.

चौथ्या दिवशी कलम खुंटीला लागूनच होतं, तसूभरही हललेलं नव्हतं. भिंत मात्र आठ फुटांवर होती.

या वेळी नवरा हसला नाही. "जाऊ दे ना गं," एवढंच म्हणाला.

"का जाऊ दे? मी आखलेली हद्द आजवर कुणाच्या बापाने सरकवलेली नाही." बाईंनी कुदळ घेतली आणि भिंतीच्या पायथ्याशी खणायला सुरुवात केली.

हातभर खाली ओली, कोवळी मुळं लागली. कलमाची असणार, म्हणून त्या माती सारत त्यांचा माग काढत गेल्या.

मुळं भिंतीतून फुटली होती, आणि कलमाकडे निघाली होती.