मशीन थांबेपर्यंत

शिवणक्लासच्या चॅट ग्रुपवर मास्तरीणबाईंचा नियम कडक होता: एकीचं बोलणं संपल्याशिवाय दुसरीने मध्ये तोंड घालायचं नाही. पण ऐकतंय कोण? एकीने काजांबद्दल विचारावं, दुसरीने त्यावर सुविचार चिकटवावा. एक बिनफोटोची मेंबर मात्र सगळं वाचायची आणि कधीच काही बोलायची नाही. आज बाई घरात एकट्याच अभ्रा शिवत बसल्या होत्या. मशीन न थांबवताच त्यांनी एका हाताने वैतागून लिहिलं, “तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं असेल, तर निघा.” लगेच उत्तर आलं, “रागावू नका, बाई, तुमचाच नियम पाळतेय. मशीन बोलतंय, मध्ये तोंड कसं घालू? ते थांबलं की बोलते.” पाठीमागे कुणीतरी अदबीने घसा खाकरला. अभ्रा शिवून झाला, रिळातला दोरा संपला, सुई नुसतीच खालीवर होत राहिली, तरी बाई काही मशीन थांबवेनात.