गळालेले रफार

पुन्हा पीडीएफ निघालं आणि पुन्हा सगळे रफार गळालेले होते. तिने चष्मा काढून डोळे चोळले. पडद्यावर लिहिलं होतं, ‘सरांचे काय फार मोठे आहे.’ तिने टाइप केलं होतं ‘कार्य’. मूळ फाइलमध्ये रफार ‘य’च्या डोक्यावर ऐटीत बसलेला दिसत होता. प्रिंट देऊन पीडीएफ काढलं, की पठ्ठ्या गायब.

सर म्हणजे तिचा नवरा. शाळेत सगळे त्यांना सर म्हणायचे, म्हणून तीही कधीतरी म्हणायला लागली आणि ते घरापर्यंत आलं. नोकरी करणाऱ्यांसाठी सरांनी संध्याकाळची शाळा काढली, आयुष्यभर चालवली आणि उद्या ते निवृत्त होणार होते. समारंभात मानपत्र वाचलं जाणार होतं, छापील प्रत प्रत्येकाच्या हातात पडणार होती. मजकूर सरांनीच सांगितला होता. स्वतःचं मानपत्र स्वतः सांगायला माणूस धीट लागतो, पण दुसऱ्या कुणाला ते नीट जमणार नाही याबद्दल सरांना शंका नव्हती. टाइप अर्थात तिने केलं. शाळेचं सगळं टाइपिंग तीच करायची, बिनपगारी. कुणी तिला विचारलं, “तुम्ही काय करता?” तर उत्तर सर द्यायचे, “आम्ही शाळा चालवतो.”

फोन वाजला. छापखानेवाला होता.

“वहिनी, ‘मागदशक’ म्हणजे काय हो?”

“मार्गदर्शक. कळलंय मला, पुन्हा पाठवते.”

“तो जुना फाँट सोडा ना एकदाचा. सगळ्या जगाने सोडला.”

“सर नाही ऐकायचे. पहिल्या पत्रकापासून तोच आहे.”

“मग प्रिंट देताना आतल्या सेटिंगमध्ये बघा. फाँट फाइलमध्येच जोडायची एक चौकट असते, तिथे टिक करा. पण लवकर हं. नाहीतर मशीनवर दुसरं काम चढेल.”

हे सांगायला त्याला आता सुचलं. तोवर तिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला होता, प्रोग्राम काढून पुन्हा टाकला होता, निम्मा मजकूर नव्याने टाइप केला होता आणि शेवटी हात टेकले होते. मान आखडली होती. आतल्या खोलीत सर आरशासमोर उभे राहून सत्काराला उत्तर देत होते. “मी एकटा काय करणार होतो,” हे वाक्य त्यांनी वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं.

शेवटचा परिच्छेद टाइप करताना सकाळी तिची बोटं जराशी अडखळली होती. ‘निवृत्तीनंतर सर सपत्नीक शाळेच्या आवारातील खोलीत राहायला जात असून उर्वरित आयुष्य याच कार्याला देणार आहेत.’ खोलीची गोष्ट तिला टाइप करतानाच कळली. तिला ताईकडे जायचं होतं. ताई, तिची थोरली बहीण, एकटी राहायची आणि गुडघ्यांनी बेजार होती. दर फोनला म्हणायची, “आता तरी ये गं राहायला. दोघी निवांत गप्पा मारू.” ती म्हणायची, “यांचं एकदा संपू दे, मग येतेच.” सर विचारतील तेव्हा सांगू, असं तिने ठरवलं होतं. सरांनी विचारलं नाही. त्यांनी मजकूर सांगितला आणि तिने तो निमूटपणे उतरवला. उद्या भरल्या हॉलमध्ये तो वाचला जाईल, लोक टाळ्या वाजवतील, आणि त्यानंतर नाही म्हणायची तिची छाती नव्हती.

सेटिंग शोधण्याआधी तिने ते बिघडलेलं पीडीएफ एकदा सबंध वाचून काढलं. आणखी कुठे काय गळलंय ते पाहावं म्हणून. दुसऱ्या पानावर वाक्य आलं, ‘हे काय त्यांनी घरापेक्षा मोठे मानले.’

तिला खुदकन हसू आलं. तिने ते मोठ्याने वाचलं. “हे काय, घरापेक्षा मोठे मानले!” तिसऱ्यांदा म्हणताना हसू आटलं. टाइप करताना हे वाक्य नुसतं बोटांतून गेलं होतं. आता ते तिला लागलं. तिला सरांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ‘घरापेक्षा’ हा शब्दही तिनेच, एकही चूक न करता, टाइप केला होता.

मग तिने मूळ फाइल उघडली. शेवटच्या परिच्छेदापाशी थोडा वेळ बसली. प्रिंटच्या सेटिंगमध्ये ती चौकट एकदाची सापडली. टिक केली, प्रिंट दिलं, पीडीएफ उघडलं. सगळे रफार आपापल्या जागी आले होते. ईमेलला फाइल जोडून तिने सरांना हाक मारली.

सर येऊन खुर्चीमागे उभे राहिले आणि पडद्यावर बोट फिरवत वाचू लागले. ‘कार्य’ आलं की मान हलवायचे. दुसऱ्या पानावरच्या त्या वाक्याला त्यांनी जास्तच मान हलवली.

“वा! जमलं की तुला,” ते म्हणाले. मग बोट शेवटच्या परिच्छेदावर थांबलं. “अगं, इथे अजून गडबड आहे. ‘सपत्नीक’ गळालाय बघ.”

तिने ‘पाठवा’वर क्लिक केलं.

“रफार गळत होते, सर. तो शब्द मी काढलाय.”