हॉइटचं तळं

“सोड त्याला,” हॉइट म्हणाला. “इतका वेळ पाण्याबाहेर धरायचं नसतं.”

लायमनने मासा सोडला नाही. थोरला भाऊ तो; धाकट्याचं ऐकायची त्याला सवयच नव्हती. गुडघाभर गार पाण्यात उभा राहून तो मुठीतला ब्रूक ट्राउट उलटापालटा करून पाहत होता, बाजारात वासराचे दात तपासावेत तसा. मासा वीतभरही नव्हता.

भाऊ मासे मारेल या भीतीनेच हॉइटने बावीस वर्षं हे तळं सख्ख्या भावापासून लपवलं होतं. वायोमिंगच्या डोंगरात, झाडं संपतात त्याच्याही वर. पायवाट नाही, नकाशावर नाव नाही. गावात कुणी विचारलं की हॉइट भलत्याच खिंडीकडे बोट दाखवायचा. आपल्या चांगल्या तळ्याचा खरा पत्ता सांगणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता, त्यामुळे कुणी मनावर घेत नसे. भावाला फसवणं मात्र वेगळं. ते हॉइटला टोचायचं, आणि तरी तो फसवायचा. कारण लायमन मासे खायचा. धरलेला प्रत्येक मासा खायचा. आजही त्याच्या पाठपिशवीत बिडाचा तवा होता.

हॉइट पडला सोवळा. पिसं आणि हरणाचे केस गळाला गुंडाळून खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर अलगद टेकवायची, फसलेला मासा ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात जाऊ द्यायचा. माशाला इजा नको म्हणून गळाचा उलटा काटाही तो पकडीने दाबून टाकायचा. या तळ्यातला एकही मासा त्याने आजवर मारला नव्हता.

लायमनला आणलं ते त्याच्या गुडघ्यामुळे. येत्या पानगळीत गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. वय एकाहत्तर. पुन्हा एवढा चढ झेपेल असं कुणालाच वाटत नव्हतं. एकदा दाखवू, हॉइटने ठरवलं होतं. फार तर चार मासे खाईल.

“पूर्वी केवढे असायचे?” लायमनने विचारलं.

“हातभर. हल्ली कुणीतरी चोरून येतं. मोठे सगळे नेले मेल्याने.”

“कधी चुलीची राख दिसली? बुटाचे ठसे?”

“नाही.”

लायमनने माशाच्या डोक्यावर दगड हाणला. सुरीने पोट फाडलं आणि आतलं बोटाने तळहातावर काढलं. एक चिलट होतं. बाकी काही नव्हतं.

“डोकं बघ याचं,” तो म्हणाला. “म्हाताऱ्याचं डोकं आणि पोराचं अंग. हा लहान नाहीये, हॉइट. उपाशी आहे.”

“मी इथला एक मासा मारलेला नाही.” हॉइटचा आवाज चढला.

“तेच सांगतोय. कुणीच मारला नाही. आणि यांची पिल्लावळ थांबते होय? चाळीस एकर कुरणात चारशे गुरं सोड, एक विकू नकोस, आणि मग बघ किती पुण्य लागतं ते.”

लायमनने जन्मभर गुरं राखली होती. या बाबतीत त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

हॉइट खडकावर बसला. मासे सालागणिक बारीक होत चाललेत हे त्याला दिसत होतं. जितके बारीक होत गेले, तितका तो त्यांना जपून सोडत गेला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

“सावरेल का तळं?” त्याने विचारलं.

“खाल्ले तर. दोघांनीच खायचे म्हटलं तर दहा उन्हाळे लागतील.”

हॉइटची नजर भावाच्या गुडघ्यावर गेली.

दुपारपर्यंत दोघांनी मासेमारीच्या परवान्यात बसतील तेवढे मासे धरले. पहिला मारताना हॉइटने तोंड फिरवलं. नंतर नंतर जमलं. मक्याच्या पिठात घोळवून तळले. चव बरी होती, पण खायला काटेच जास्त.

रात्रभर विचार करून सकाळी हॉइट गावच्या खानावळीत गेला. शनिवारी तिथे सातआठ गळवाले न्याहारीला जमत. लायमन आधीच येऊन बसला होता. हॉइटने कागदी रुमाल पुढे ओढला, पेन्सिल काढली आणि म्हणाला, “माझ्या तळ्याचा पत्ता देतो. सगळे जा. तवे घेऊन जा.”

“ताप आलाय का याला?” पेट्रोल पंपावरचा व्हर्लिन म्हणाला.

हॉइटने ओढा काढला, डोंगराची धार काढली, धारेपलीकडे गोल काढला. बावीस वर्षांत त्याने काढलेला हा पहिला खरा नकाशा. व्हर्लिनने रुमाल उचलून पाहिला आणि लायमनकडे वळला.

“तू होतास ना काल याच्याबरोबर? खरंय का हे?”

लायमनने कॉफीचा घोट घेतला.

“तळं आहे,” तो म्हणाला. “मासा एक नाही. दिवसभर उभा राहिलो, माशीला कुणी हुंगलंसुद्धा नाही.”

व्हर्लिनने रुमालाचा बोळा करून बशीत टाकला. “वाटलंच मला. हॉइट कधी सुधारायचा नाही.” सगळे हसले आणि गप्पा दुसरीकडे वळल्या.

हॉइट भावाच्या कानाशी वाकला. “वेड लागलं का तुला? हे सगळे गेले असते तर एका उन्हाळ्यात तळं सावरलं असतं.”

“असतं की,” लायमन हळूच म्हणाला. “पण तू बोलावशील म्हणून बावीस वर्षं थांबलोय मी. आता कुठे दहा उन्हाळे मिळतायत, ते काय यांच्यात वाटून टाकू?”