हॉलमध्ये हालचाल आहे

दातांच्या लॅबमध्ये एका कवळीच्या पुढच्या दोन दातांवर कानस फिरवता फिरवता तिचा हात थांबला. मोबाइल दोनदा किणकिणला होता. या वेळेला तो रोज एकदाच किणकिणायचा.

पहिला निरोप ओळखीचा होता. ‘हॉलमध्ये हालचाल आहे. सर्व ठीक.’ साडेनऊ ते दहाच्या दरम्यान एकटे राहणारे बाबा त्यांच्या हॉलमध्ये हिंडले-फिरले की तो यायचा. नाही हिंडले तर फोन बोंब ठोकणार होता. तीन महिन्यांत त्याने एकदाही बोंब ठोकली नव्हती. दुसरा निरोप झाडलोट करणाऱ्या रोबोचा होता. ‘बेडरूममध्ये अडकलो आहे. मदत करा.’

अडकू दे मेल्याला, असं म्हणून तिने पुन्हा कानस उचलली, आणि लगेच खाली ठेवली.

रोबो रोज साडेनऊलाच सुटतो. सुटतो तो हॉलमधूनच. आणि हालचाल टिपणारा सेन्सर तिने जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर लावला होता, कारण चिकटपट्टी तेवढ्याच भागात धरत होती. छातीच्या उंचीवर लावा म्हणून दुकानदाराने बजावलं होतं. तिने हो हो म्हटलं होतं. म्हणजे तीन महिने ती जिच्या भरवशावर निर्धास्त होती, ती हालचाल बाबांची होती की त्या यंत्राची?

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच.

“सर, मी घरी जाऊन येते, बाबांकडे,” ती लॅबच्या मालकांना म्हणाली आणि त्यांनी मान वर करायच्या आत स्कूटरची किल्ली घेऊन जिना उतरली.

वीस मिनिटांचा रस्ता. प्रत्येक सिग्नल तिच्यावर डूख धरून बसल्यासारखा लाल. आई गेल्यापासून ती रोज साडेनऊला बाबांना फोन करायची. बाबा करवादायचे. “जिवंत आहे गं! ठेव आता.” एकदा बाबा आंघोळीला गेले होते आणि फोन उचलला नाही, तर तिचा अख्खा दिवस नासला. मग तिने हे खूळ डोक्यात घेतलं. महिनाभर लोकांची मतं वाचून, दुकानदाराचं डोकं खाऊन, खात्रीचं म्हणून जे जे होतं ते घेतलं. कुलूप एका कंपनीचं, दिवे दुसरीचे, रोबो तिसरीचा. एकेकटे सगळे गुणी. एकत्र आले की कुणी कुणाला ओळख देईना. दिवा लावावा तर रोबो सुटायचा, दार लावावं तर दिवे विझायचे.

चार रविवार ती बाबांच्या हॉलमध्ये फतकल मारून बसली होती. बाबा खुर्ची ओढून शेजारी. कपावर कप चहा करून देत होते. “यांची भावकी आहे का गं? एकाचं एकाशी पटेना,” असं म्हणून स्वतःच हसत होते. पाचव्या रविवारी सगळ्यांचं जमलं. मग रविवारी जायला कारण राहिलं नाही. फोनही सुटला. सगळं दिसतच होतं की. रोबो सुटायची वेळ तेवढी तिने जुन्या सवयीने साडेनऊचीच ठेवली.

शेवटचं कधी गेलो आपण? तिने आठवून पाहिलं. आठवेना. हेल्मेटच्या आत तिला स्वतःची लाज वाटली.

कुलूप मोबाइलवर उघडायचं. घाईघाईत आकडे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा दार उघडलं आणि हॉलमधले दिवे आपोआप लागले. खुर्ची रिकामी होती. तिला त्या दिव्यांचाच राग आला.

“बाबा!”

ती बेडरूमकडे धावली.

बाबा जमिनीवर होते. पालथे. एक हात पलंगाखाली, चष्मा फरशीवर बाजूला पडलेला.

“बाबा!” तिचा आवाज फाटला.

“ओरडतेस काय?” पलंगाखालून आवाज आला. “गोल्या अडकलाय इथे. ती छत्री दे जरा, मुठीने ओढतो.”

ती तिथेच दाराला टेकून खाली बसली. रडावं की भांडावं हे तिला कळेना, म्हणून ती भांडली. “फोन का नाही उचलला? जीव अर्धा झाला माझा!”

“फोन स्वयंपाकघरात असेल. येतो कुणाचा आता?” ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. बाहेर ऊन आहे म्हणावं, तसं म्हणाले.

तिने छत्री दिली. गोल्या निघाला, त्याच्या चाकात मोज्याचं सूत गुंतलं होतं. मग तिने हात धरून बाबांना उठवलं आणि तेव्हा कुठे नीट पाहिलं. गुळगुळीत दाढी. साबणाचा वास. इस्त्रीचा शर्ट, पार वरपर्यंत बटणं लावलेला. चाळीस वर्षं पोस्टमन होते. कामावर निघताना असेच दिसायचे.

“कुठे निघाला होता का?”

“छे गं. मी कुठे जाणार?” त्यांनी चाकातलं सूत हलकेच काढलं, रुमालाने यंत्र पुसलं आणि जमिनीवर ठेवलं. ते गुरगुरत हॉलकडे गेलं. बाबा ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

“साडेनऊला हा माझ्या खोलीत येतो ना,” ते म्हणाले. “कुणी येणार असलं की माणूस दाढी तरी करतो.”