जरा जास्त आहे

“आईची तब्येत जरा जास्त आहे, दादा. निघून ये,” सुकन्या फोनवर म्हणाली आणि शिवराजच्या हातातला घास हातातच राहिला.

बोट त्या वेळी अंदमानच्या दोन बेटांच्या मधोमध होती. पांढरीशुभ्र, तीन खोल्यांची, चार दिवसांसाठी भाड्यानं घेतलेली. बोटीवर शिवराज, हृषीकेश आणि सुमित, सोलापुरातले शाळेपासूनचे तिघे दोस्त. एकदा तरी आपली वेगळी बोट करून बेटं फिरायची, हे त्यांनी दहावीच्या सुट्टीत सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून ठरवलेलं. पुढची पस्तीस वर्षं नुसत्या बाता. यंदा योग आला, तोही शिवराजच्या आईनं मागं लागून. “माझं काय, मी हाय की हितंच. तू जा,” म्हणाली आणि कडक भाकरी, शेंगाचटणी बांधून दिली. बोटीवर चांगला आचारी होता, पण दुपार झाली की हे तिघं आपला डबा उघडून बसायचे. काय म्हणायचं या लोकांना.

“फोन दे तिच्याकडं,” शिवराज म्हणाला.

“आता डोळा लागलाय तिचा. उठली की देते. तू ये फक्त.” एवढं बोलणं झालं आणि रेंज गेली.

शिवराजनं हातातली भाकरी डब्यात ठेवली आणि म्हणाला, “आई गेली.”

त्याला वेड्यात काढू नका. आपल्याकडं माणूस गेल्याचं फोनवर कोण सांगतं? तब्येत जरा जास्त आहे, निघून ये, असंच म्हणतात. घरी पोचेपर्यंत माणसाच्या पायात बळ राहावं म्हणून. वडील, म्हणजे अप्पा, गेले तेव्हा शिवराज पुण्यात शिकत होता. वीरभद्रप्पा काकांनी त्याला असंच कळवलं. बिचारा अप्पांसाठी मोसंबी घेऊन एस्टीनं आला, तर दारात ही माणसं, आणि आत अप्पांना लिंगायतांच्या रीतीनं विभूती लावून, हार घालून बसवलेलं. हातातली पिशवी कुठं ठेवावी, ते त्याला कळेना. पुढं मामा गेले तेव्हा मैंदर्गीच्या मावशीला ‘जरा जास्त आहे’ म्हणून फोन त्यानंच केला होता. मावशीनंही काही विचारलं नव्हतं.

“सुकन्या रडत होती का?” हृषीकेशनं विचारलं.

“नाही. अगदी हळू बोलत होती. आईकडं फोन दे म्हटलं, तर झोपलीय म्हणाली.”

हृषीकेशनं मान खाली घातली. सुमित उठून शिवराजला खेटून बसला. दोघांनाही पटलं. सोलापूरच्या कुणालाही पटलं असतं.

बोट चालवणाऱ्याला विचारून घेतलं. बंदर गाठायला संध्याकाळ होणार. विमान उद्या. चेन्नई, तिथून हैदराबाद, मग पुढं गाडी. कितीही तडफड केली तरी परवा दुपार.

मग शिवराज रडला. आपण आलोच नसतो तर शेवटचं तोंड तरी दिसलं असतं, एवढंच तो परत परत म्हणत होता. आईचं आयुष्यात एकच मागणं होतं आणि ती ते चारचौघांत बोलून दाखवायची: शेवटची मूठभर माती माझ्या शिवूच्या हातची पडू दे. बाकी तिनं कधी काही मागितलं नाही. मागितलं असतं तर त्यानं दिलं असतं, पण ती मागणारी बाई नव्हतीच.

“बर्फ मिळतो की,” सुमित म्हणाला. “परवापर्यंत थांबतील लोक. पोटचा पोरगा आहेस तू.”

शिवराजला ते ऐकवेना. मे महिना, सोलापुरात त्रेचाळीसचं ऊन. आईला पंख्याचा वारासुद्धा सोसायचा नाही, अंग धरायचं तिचं. तिला दोन दिवस बर्फात बसवायचं? कशासाठी, तर मुलगा समुद्रावर मजा मारायला गेलाय म्हणून? त्याला स्वतःची किळस आली. मातीवरचा आपला हक्क सोडायचा, पण तिचे हाल होऊ द्यायचे नाहीत. आईसाठी आता एवढंच करण्यासारखं उरलं होतं.

अर्ध्या-पाऊण तासानं पुढचं बेट जवळ आलं आणि फोनवर रेंजच्या दोन काड्या दिसल्या. पुन्हा कधी जातील याचा नेम नव्हता. शिवराजनं डोळे पुसले आणि सुकन्याचा नंबर लावला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. पण हॅलो वगैरे काही नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. रडतेय पोरगी, त्याला वाटलं. तिचा आवाज कानावर पडला तर आपल्याच्यानं बोलवणार नाही, म्हणून त्यानं एका दमात सांगून टाकलं.

“हे बघ, माझ्यासाठी थांबू नका. मला यायला दोन दिवस लागतील. आजच्या आज माती उरकून घ्या. उगीच हाल करू नका.”

पलीकडं खाट करकरली. मग आवाज आला. दमलेला होता, आणि सुकन्याचा नव्हता.

“बरं शिवू, न्हाय थांबत. तू सावकास ये.”